पूनमच्या नावावरचं इंग्रजी

आमच्या दारावर पाटी आहे आणि माझ्या नावाआधी 'डॉ.' आहे. ती पाटी लागली त्या दिवशी आई सटाण्याहून पेढे घेऊन आली होती. नवऱ्याने स्टुलावर चढून स्वतः स्क्रू आवळले, शेजाऱ्यांनी फोटो काढले. तेव्हा एक गोष्ट अगदी माझ्या तोंडाशी आली होती आणि मी ती पेढ्याबरोबर गिळली. त्यानंतरही ती माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, देवापुढेही नाही, कारण देवापुढे मी फारशी बसत नाही. ऐकणारे तुम्ही पहिलेच. तुम्हीच का? तर तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून. उद्या कॉलेज रोडवर समोर आलात तरी मी ओळख दाखवणार नाही.

आणि हो, आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाहीये. यातली अर्धी गोष्ट अशी आहे की तिची मला काडीचीही लाज वाटत नाही. उरलेल्या अर्धीची वाटते. पण लोक नेमकी उलटी अर्धी धरून बसतात. त्यांना हे कळलं तर म्हणतील, "अगंबाई, मॅडमला इंग्रजी येत नव्हतं!" नव्हतं येत. मग? वडील कांदा मार्केटात मापाडी होते, दिवसभर वजनकाट्यापाशी उभे. घरात अहिराणी, शाळेत मराठी, इंग्रजी फक्त फळ्यावर. मला इंग्रजी कुठून येणार होतं?

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, नाशिकच्या एका कॉलेजात. कॉलेजचं नाव सांगणार नाही, त्याचा यात काही दोष नाही. तेव्हा मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्या वेळापुरते तुम्ही शिक्षक. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुम्ही कुणीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच सर समोर बसून तेच विचारणार, "पीएचडी कुठवर आली?" पीएचडी झाल्याशिवाय कायम होण्याची बातच नाही. आणि पीएचडी अडली होती ती इंग्रजीपाशी.

म्हणजे कशी अडली होती, ते नीट सांगते. झाडापानांचं इंग्रजी मला येत होतं. पेशी, मूळ, खोड, बुरशी — त्यांची नावं झोपेत विचारा, लॅटिनसकट सांगीन. येत नव्हते ते मधले शब्द. एका निरीक्षणाला दुसऱ्याशी जोडणारे, एखादी गोष्ट ठाम न म्हणता अदबीने म्हणणारे, "असं दिसतं खरं, पण" हे चारचौघांत सांगणारे. माझ्या प्रबंधात प्रत्येक दुसरं वाक्य 'सो'ने सुरू व्हायचं. गाईड सर लाल पेनाने गोल करून पानं परत पाठवायचे. एकदा त्यांनी गोलही केले नाहीत, नुसती पानं परत आली. ते जास्त लागलं.

त्याच सुमाराला एका परिसंवादात मी पेपर वाचला. पाठ करूनच वाचला, बरा झाला. मग समोरून एका पाहुण्या प्राध्यापकांनी विचारलं, "सो मॅडम, व्हॉट डू यू इन्फर?" 'इन्फर' म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी हसून म्हटलं, "येस सर." सगळा हॉल हसला. वाईट हेतूने नाही हो, लोक हसतात तसेच हसले. आमच्या इंग्रजीच्या मॅडम पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी तेवढा तोंडावर रुमाल धरला. तो रुमाल मला अजून दिसतो.

त्याच वर्षी कॉलेजने ते सॉफ्टवेअर घेतलं. संगणकावर किंवा फोनवर उघडायचं, तुमची पातळी तपासून घ्यायची, मग ते रोज थोडे थोडे शब्द देणार — साधे बोलायचे नाहीत, पुस्तकातले, प्रबंधातले, परीक्षेतले. वाक्यात मोकळी जागा, खाली चार शब्द, बरोबर तो निवडा. मग तोच शब्द वापरून स्वतः वाक्य बोला, ते रेकॉर्ड होणार. चुकलात तर तो शब्द काही दिवसांनी पुन्हा समोर येणार, तुम्ही विसरलात का ते बघायला. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते सक्तीचं होतं. प्राचार्य सर तर त्या सॉफ्टवेअरच्या प्रेमातच पडले होते. वर्गातली हजेरी त्यांनी कधी बघितली नाही, पण मुलांची प्रगती दाखवणारा त्याचा पडदा रोज सकाळी चहाबरोबर बघायचे.

त्या पडद्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ठिपका असायचा. मूल नियमाने शिकतंय तर हिरवा. बरेच दिवस फिरकलं नाही तर लाल. आणि नियम असा की ठिपका लाल झाला की त्या मुलाच्या पालक-शिक्षकाने घरी फोन करायचा. आम्हा प्रत्येकाकडे थोडी थोडी मुलं वाटून दिलेली होती, त्यांचे आम्ही पालक-शिक्षक. आता तुम्ही म्हणाल, कॉलेजातून फोन गेला तर काय मोठं होतं? पुष्कळ होतं. माझ्याच वाट्याची मनमाडची एक मुलगी यायची थांबली होती, ठिपका लाल झाला, मी फोन केला. वडील रेल्वेत. आधी गुरगुरले, मग मऊ पडले, आणि पुढच्या सोमवारी मुलगी प्रॅक्टिकलला हजर. गावाकडच्या बापाला कॉलेजातून मॅडमचा फोन आला की त्याला वाटतं, आपल्या पोरीकडे कुणाचं तरी लक्ष आहे. तेवढ्यावर मुली परत येतात. हे मला माहीत होतं. हे मला पक्कं माहीत होतं, एवढं ध्यानात ठेवा.

पूनम माझ्याच वाट्याची. सटाण्याच्या पलीकडच्या खेड्यातली, लांब वेणी, अंगाने बारीक, चालताना भिंतीच्या कडेने चालणारी. माझं आडनाव आणि गाव तिने कुठून तरी काढलं आणि पहिल्याच आठवड्यात मला जिन्यात गाठलं. डोळे चमकत होते. म्हणाली, "मॅडम, तुम्ही बी आमनाकडनाच शेतस ना?" आमच्याकडच्याच आहात ना — एवढंच. मी आजूबाजूला बघितलं. इंग्रजीच्या मॅडम वरून येत होत्या. मी शुद्ध मराठीत म्हटलं, "हो, पण कॉलेजमध्ये आपण नीट बोलूया हं." तिने मान डोलावली. पुन्हा माझ्याशी ती अहिराणीत बोलली नाही, कॉलेजात तरी नाही.

दिवाळीच्या तोंडावर लॅबमध्ये तिला ते सॉफ्टवेअर मीच उघडून दिलं. पासवर्ड तिला सुचेना, तर मीच टाकला — तिच्या गावाचं नाव. आठवडाभर ती रोज बसली. कानाला हेडफोन लावून ओठ हलवायची आणि बरोबर आलं की माझ्याकडे वळून बघायची. माइकसमोर मात्र तोंड उघडायचं नाही तिचं. "लाज वाटते मॅडम," म्हणायची. मी म्हणायचे, हळूहळू जमेल. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि ती गावी गेली.

आता पुढचं सांगण्याआधी एक. मला शिकायचं होतं तर स्वतःचं वेगळं खातं का नाही काढता आलं? याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा दिलंय. शिक्षकांच्या खात्यात फक्त मुलांचे ठिपके दिसायचे, धडे दिसत नसत. धडे हवेत तर अर्ज करायचा प्राचार्यांकडे, सही इंग्रजीच्या मॅडमची. वर चाचणी द्यायची आणि तिची पातळी त्याच पडद्यावर सगळ्यांना दिसणार. चहाबरोबर. तुम्ही केला असता अर्ज? करा. मला नाही जमलं. इथवर मी कुणाची माफी मागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत लॅब रिकामी होती. मी प्रबंधाच्या कामाला आले होते. दुपारचा डबा खाल्ला आणि सहज — खरंच सहज — पूनमच्या नावाने ते उघडलं. एकच धडा करून बघू म्हटलं. पहिलाच शब्द काय आला असेल? नाही, 'इन्फर' नाही आला, एवढी गंमत आयुष्यात होत नाही. तो तिसऱ्या दिवशी आला. पण तोवर मी अडकले होते. रोज दुपारी डबा बाजूला सारून मी हेडफोन घालायचे. आणि काय सांगू तुम्हाला, मला इतकं सुख कशातच लाभलं नव्हतं. ज्या शब्दांनी वर्षानुवर्षं मला दाराबाहेर उभं केलं, ते एकेक करून आत घेत होते. चुकले तर कुणी हसत नव्हतं. मशीन नुसतं म्हणायचं, पुन्हा करून बघा. मला कुणी शिक्षकाने असं कधी म्हटलं नव्हतं. मी माइकसमोर मोठमोठ्याने वाक्यं बोलायचे. सुरुवातीला माझाच आवाज ऐकून मला हसू यायचं, नंतर नाही आलं.

सुट्टी संपली. मुलं परतली. पूनम नाही.

एक आठवडा गेला, मी म्हटलं येईल. प्रॅक्टिकलला तिचं टेबल रिकामं. दुसरा आठवडाही तसाच. आणि पडद्यावर तिचा ठिपका? हिरवागार. असणारच ना — मी रोज दुपारी तो हिरवा करत होते. प्राचार्य सर एकदा समोरून जाता जाता म्हणाले, "तुमची ती सटाण्याची मुलगी फार मनापासून करतेय हं." मी म्हटलं, "हो सर, करतेय."

इथे मी थांबू शकले असते. मी तिचं खातं उघडायचं सोडलं असतं तर काही दिवसांत ठिपका लाल झाला असता, मला फोन करावाच लागला असता, आणि कुणाला काही कळलंही नसतं. इतकं सोपं होतं. मग का नाही सोडलं? कारण मला पुढचे धडे हवे होते. मी मधल्या पातळीवरून वर चढत होते, आणि गाईड सरांनी त्याच महिन्यात माझं एक प्रकरण परत पाठवताना पहिल्यांदाच लिहिलं होतं, "बरीच सुधारणा." मी तो शेरा बसमध्ये दोनदा काढून वाचला. पूनम परत आली असती तर खातं तिचं तिला द्यावं लागलं असतं. बस्स. एवढंच कारण. याहून मोठं काही शोधू नका.

आणि तिने हाक मारली नाही असंही नाही. ती भित्री होती, सरळ फोन करून "मॅडम, मला परत बोलवा" म्हणणाऱ्यातली नव्हती. पण एका सकाळी माझ्या फोनवर तिच्याकडून एक चित्र आलं — गुलाबाचं फूल, चहाचा कप, वर इंग्रजीत गुड मॉर्निंग. दुसऱ्या दिवशी उगवता सूर्य. तिसऱ्या दिवशी बदकं. आपल्याकडे अशी चित्रं कोण कुणाला पाठवत नाही? माझ्या मावशीचीही रोज येतात, मी बघतही नाही. पण पूनमची मी बघायचे. मला ती बरोबर कळत होती. ती दार वाजवत होती, तिला जमेल तेवढ्या हळू. एकदा चित्राखाली तिने लिहिलं, "मॅडम कॉलेज जोरात चालू झालं का?" मी ते वाचलं. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तिलाही दिसल्या असणार. मी उत्तर दिलं नाही. आणखी काही दिवस फुलं येत राहिली, मग यायची थांबली.

माझ्या बाजूने काही बोलायचं मनात येत असेल तर राहू द्या. "तिच्या घरच्यांनीच पाठवली नसती" — मी हे स्वतःला सांगून बघितलंय. मनमाडच्या बापानेही पाठवली नसती, फोनने पाठवली. "तुम्हालाही व्यवस्थेने छळलं होतं" — छळलं होतं, पण व्यवस्थेचा फोन माझ्या पर्समध्ये नव्हता, माझा होता. "इतर शिक्षकांचंही काम होतं" — नव्हतं. ती माझ्या वाट्याची होती. त्यांनी पडद्यावर हिरवा ठिपका बघितला आणि विश्वास ठेवला. ठेवणारच.

मग आलं स्नेहसंमेलन. गोष्टीचा हा भाग मी मनातल्या मनातसुद्धा सलग कधी सांगितलेला नाही.

प्राचार्यांनी जाहीर केलं की इंग्रजी शब्दसंग्रहात यंदा पहिली आलीय एक मराठी माध्यमाची, खेड्यातली मुलगी. नाव घेतलं — पूनम. टाळ्या. बक्षिसाचं मला आदल्या दिवशी कळलं होतं, आणि मुलगी आजारी असल्याने गावी आहे, असं मीच तेव्हा सांगून ठेवलं होतं. तीही थाप माझीच. आणि मग इंग्रजीच्या मॅडम माइकवर आल्या. म्हणाल्या, तिची प्रगती ऐकाच. त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून आवाज आला.

माझा.

माझ्या मांडीवरची पर्स खाली पडली. मी वाकून ती शोधत राहिले, सापडली तरी शोधत राहिले. आता कुणीतरी वळून बघणार. आता शेजारच्या मॅडम माझा हात धरणार. वर माझा आवाज ठणठणीत इंग्रजीत सांगत होता की उपलब्ध पुरावा अपुरा असला तरी त्यावरून एक निष्कर्ष काढता येतो. कुणीही वळलं नाही. का वळले नाहीत, हे मला नंतर कळलं. तसं इंग्रजी बोलताना मला कुणी कधी ऐकलंच नव्हतं. त्या आवाजाची आणि माझी सांगड घालायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

रेकॉर्डिंग संपलं. टाळ्या पडल्या, दणदणीत. इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, "फ्लॉलेस." तोंडावर रुमाल नव्हता. आणि आता खरं सांगू? मला आनंद झाला. भीती गेली आणि असा आनंद झाला की अंगावर काटा आला. त्या क्षणी मला पूनमची आठवणसुद्धा नव्हती. माझ्या इंग्रजीला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या पडत होत्या, आणि मी त्या खाली मान घालून, पोटभर ऐकल्या. मग पालक-शिक्षक म्हणून मला स्टेजवर बोलावलं. पूनमच्या वतीने मी प्रशस्तिपत्र घेतलं, फोटोला उभी राहिले आणि हसले. फोटोत मी फार छान दिसते.

जूनमध्ये परीक्षेच्या निकालात तिचं नाव नव्हतं. तोवर माझा प्रबंध जमा झाला होता आणि मला ते खातं नको होतं. मग मी फोन केला. तेव्हा! पूनमच्या आईने उचलला. बाई बिचारी किती आदराने बोलली. दिवाळीत आईच ओट्यावरून पडली, पाय मोडला, म्हणून पोरीला ठेवून घेतलं. पाय महिना-दीड महिन्यात बराही झाला. पण मग वडील म्हणायला लागले की कॉलेजवाल्यांना काही पडलेली नाही, कुणाचा साधा फोन नाही, कशाला जायचं तिकडे. आणि वैशाखात लग्न लावून दिलं. आई सांगत राहिली, "तुमना फोन येई, आसं वाटे तिले. बापले बी तेच सांगे. वाट दखी ऱ्हायनी व्हती." तुमचा फोन येईल असं तिला वाटायचं. बापालाही ती तेच सांगायची. वाट बघत होती.

मी काय बोलले माहितीये? "अभिनंदन" म्हणाले. शुद्ध मराठीत.

आज मी कायम आहे. आणि त्या सॉफ्टवेअरची जबाबदारी आता माझ्याकडेच आहे — हसा, मलाही कधी कधी हसू येतं. शिक्षकांनाही धडे मिळावेत म्हणून मी भांडले, आता मिळतात, पातळी कुणालाही दिसत नाही. ठिपका लाल व्हायची मी वाटही बघत नाही, पोरगी दोन दिवस दिसली नाही की फोन लावते. हे माझ्या जमेला धरू नका. त्या पोरींना फोन जातो, पूनमला गेला नाही. एकीचा दुसरीला पोचत नाही.

शब्दांचं म्हणाल तर ते मी परत करणार नाही. माझेच आहेत. रोज दुपारी उपाशीपोटी बसून मिळवलेत. परवाच एका परिषदेत मला तसाच प्रश्न आला आणि मी उभी राहून सविस्तर उत्तर दिलं, न अडखळता. बोलताना मान ताठ होती. ताठच राहणार. मी चोरी केली ती शब्दांची नाही, हे मला कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही.

आता शेवटचं. हे नसतं घडलं तर मी कदाचित तुम्हालाही काही सांगितलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात सटाण्याला माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. मंगल कार्यालयात पंगत बसली होती, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मी बट्टी कुस्करत होते, आणि वरणाची बादली घेऊन वाढत येणारी बाई माझ्यासमोर थांबली. पळी हातात तशीच. अंगाने भरली होती, डोक्यावर पदर. पण डोळे तेच, जिन्यातले.

"मॅडम!"

ती मुलीकडच्यांची सून निघाली. मी घास हातात घेऊन बसले. मला वाटलं, आता विचारेल. का नाही केलात फोन? विचारायलाच हवं होतं तिने. मी तयार होते, शपथेवर सांगते, त्या क्षणी मी सगळं सांगून टाकलं असतं. पण तिने ते विचारलं नाही. ती माझ्या शेजारी जेवत असलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे वळली — तिच्या सासूबाई — आणि लहान मुलीसारखी घाईघाईने म्हणाली, "दखा, याच त्या मन्या मॅडम! मी सांगस ना तुमले!" तिच्या मॅडम, म्हणजे मी. मग माझ्याकडे बघून, "सांगा ना मॅडम यास्ले. नाशिकले इंग्रजीमा मना पहिला नंबर उना व्हता ना?" माझा पहिला नंबर आला होता ना, ते यांना सांगा.

कुणा मैत्रिणीने तिला स्टेजवरचा तो फोटो पाठवला होता. तिने तो अजून फोनमध्ये ठेवलाय. माझ्या हातातल्या कागदावर तिचं नाव. तो आठवडाभर जे काही ती हेडफोन लावून शिकली, त्यावर आपण पहिल्या आलो असं तिला वाटत होतं. थोडंसंच केलं आणि पहिली आले, नीट शिकले असते तर कुठे गेले असते — हे तिने त्या घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि कुणी मानत नव्हतं. सासूबाई हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आम्हले वाटे, उगाच सांगस ती."

दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

माझ्याकडे आता सगळे शब्द होते, दोन्ही भाषांतले, अदबीचे, नेमके, मधलेही. त्यातला एकही मी वापरला नाही. तिच्यावर दया आली म्हणून नाही. ते मी तुम्हालाही पटू देणार नाही. सोपं होतं म्हणून. जिन्यात जे तिला मी बोलू दिलं नव्हतं, त्याच आमच्या बोलीत मी म्हटलं, "हां. इंग्रजीमा पहिला नंबर उना व्हता तिना."

पूनमने सासूकडे बघितलं. मग मान वर करून हसली आणि बादलीत पळी बुडवली.

"आखो वाढू का मॅडम?"

मी ताट पुढे केलं.